कुदळ मारण्याआधी: खड्डा पिणारा हवा की राखणारा?

घर बांधलं तेव्हा मोरीच्या पाण्यासाठी मागच्या अंगणात शोषखड्डा घ्यायचं ठरलं. मी चार दिवस गावाला गेलो होतो. परत येऊन बघतो तर गवंड्याने चार फूट खड्डा खणून, चारही बाजूंनी विटा लावून, तळाला कोबा करून, वर घोटीव गिलावासुद्धा मारून ठेवलेला. "दादा, वीस वर्षं हलायचा नाही," हे वर अभिमानाने सांगितलं. खड्डा खरंच हलला नाही, आणि त्यातलं पाणीही हललं नाही. पंधरा दिवसांत तो काठोकाठ भरला, आषाढात त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या आणि शेवटी पहारीने तोच कोबा फोडायला मला दुसऱ्यांदा मजुरी द्यावी लागली.

गवंड्याचं काम वाईट नव्हतं. त्याने उत्तम हौद बांधला होता. चूक माझी होती: 'चार बाय चारचा खड्डा' एवढंच मी सांगितलं, तो कशासाठी ते सांगितलं नाही. त्यानंतर स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या वावरात, परसात बरेच खड्डे खणून घेतले. दर वेळी कुदळ मारण्याआधी मी एकच विचारतो, हा खड्डा पाणी पिणार की राखणार? शोषखड्डा, संडासाचा खड्डा, डोंगरावरचा चर हे पिणारे. शेततळं राखणारं. झाडाच्या खड्ड्यात दोन्ही गुण थोडे थोडे लागतात. आणि पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, सगळ्यात वेगळं, त्यात पाणीही नको आणि हवाही नको. लांबी-रुंदी, आकार, तळ, भिंत हे सगळं या उत्तरावरून ठरतं.

जमिनीची परीक्षा

पिणारा खड्डा घ्यायचा तर जमीन पिते का, हे आधी बघायचं. त्याला यंत्र लागत नाही. जिथे खड्डा घ्यायचा तिथेच फूटभर रुंद आणि दीड-दोन फूट खोल खळगी खणा. कुदळीने भिंती चोपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खुरप्याने खरवडा. संध्याकाळी खळगी पाण्याने काठोकाठ भरा, झोपण्याआधी पुन्हा भरा. सकाळी तळापासून सहा इंच राहील एवढं पाणी घाला, खुणा केलेली काडी रोवा आणि एक इंच पाणी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर जमीन पिणारी. अर्धा ते एक तास लागला तर पिते, पण सावकाश. खड्डा मोठा करावा लागेल किंवा खड्ड्याऐवजी लांबट चर घ्यावा लागेल. तासाच्या वर गेलं तर त्या जागेचा नाद सोडा.

रात्रभर पाणी मुरवायचा कंटाळा करू नका, विशेषतः काळ्या जमिनीत. मे महिन्यात काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळलेली असते. तेव्हा बादली ओतली तर दोन मिनिटांत गडप होते आणि माणूस खूश होतो. तीच जमीन जुलैत फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागच्या जागी उभं राहतं. परीक्षा घ्यायची ती फुगलेल्या जमिनीची.

काळ्या मातीखाली चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर खड्डा मुरमापर्यंत न्यायचा, निम्मं काम तिथेच होतं. मुरूम कुठे लागतो हे शेजारच्या विहिरीच्या कडेवर थरांनी लिहिलेलं असतं: वर काळी, मग पिवळसर मांजऱ्या मुरूम, मग खडक. ती विहीर भाद्रपदात किती भरते हेही विचारून घ्या. मे महिन्यातली पातळी बघून संडासाचा खड्डा ठरवणारे पावसाळ्यात पस्तावतात.

शहरात किंवा गावठाणात असाल तर पाण्याची लाइन, विजेची केबल आणि हल्ली गॅसची पाइप कुठून गेली आहे ते आधी बघा. कुदळीच्या एका घावात केबल तुटते.

माप, माती आणि मजुरी

खोदकामाचा हिशोब ब्रासवर चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल म्हणजे ६४ घनफूट, पाऊण ब्रासाच्याही आत. मीटरमध्ये मोजलं तर एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, आणि रिकामा असेल तर त्यात १,००० लिटर पाणी मावतं. एवढे आकडे डोक्यात असले की मजुरीला घासाघीस करताना कुणी गंडवत नाही.

खणलेली माती फुगते, जमिनीत होती त्यापेक्षा वीस-तीस टक्के जास्त जागा खाते. ती टाकायला जागा आधीच ठरवा. काठापासून निदान तीन फूट लांब टाका, नाहीतर पहिल्या पावसात तीच वाहून आत येते, शिवाय ढिगाच्या भाराने काठ ढासळतो. आणि दोन ढीग करा: वरच्या फूटभर मातीचा एक, खालच्या मातीचा दुसरा. जेसीबीवाला दोन्ही एकत्र करतो. त्याला आधीच सांगा, कारण एकदा मिसळली की ती पुन्हा वेगळी होत नाही.

खोली कमरेच्या वर गेली की खेळ बदलतो. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर भरतं. ढासळताना ती सांगून येत नाही, आणि माणूस छातीपर्यंत जरी दबला तरी त्याला श्वास घेता येत नाही. चार-पाच फुटांच्या खाली जायचं असेल तर कडा उतरत्या ठेवा किंवा फळ्या-वाशांचा आधार द्या, आत शिडी ठेवा, आणि वर एक माणूस नसेल तर आत कुणाला उतरू देऊ नका. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी आधी काठावर भेग पडली आहे का बघा, मगच उतरा.

झाडाचा खड्डा

हा पुन्हा भरण्यासाठीच खणायचा खड्डा. खणायचा तो मुळांना मऊ, खतावलेली जागा मिळावी म्हणून. त्यामुळे त्याचं माप झाडापेक्षा जमिनीवर जास्त अवलंबून असतं, आणि इथेच छापील तक्ते आंधळेपणाने वापरले जातात. आंबा, चिकू, नारळ यांना एक मीटर लांब-रुंद-खोल. पेरू, डाळिंब, सीताफळ यांना दोन फूट, असं सगळीकडे दिलेलं असतं. मुरमाड, कडक जमिनीत हे माप बरोबर आहे. तिथे झाडाला खड्डा हेच घर, ते जेवढं मोठं तेवढं बरं. पण भुसभुशीत, खोल पोयट्यात मीटरभर खणणं म्हणजे मजुरी वाया घालवणं, दोन फूट पुष्कळ झाले. आणि खोल काळ्या जमिनीत मोठा खड्डा घेणं तर घातकच. भोवतीची माती पाणी सोडत नाही, आतली भुसभुशीत माती मात्र पावसाचं सगळं पाणी ओढून घेते, आणि तुमचं कलम एका गाडलेल्या कुंडीत उभं राहतं. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली की लोक खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतात. खरं तर मुळं गुदमरलेली असतात. अशा जमिनीत खड्ड्याचा नाद सोडून गादीवाफा किंवा उंच वरंबा करा आणि त्यावर लावा.

कोकणातल्या कातळावर प्रकार उलटा. तिथे जांभा फोडून, प्रसंगी सुरुंग लावून खड्डा करतात आणि बाहेरून आणलेल्या मातीने भरतात. त्यात तळाला किंवा बाजूला पाणी जायला वाट आहे का, हे पाणी ओतून बघितल्याशिवाय माती भरू नये. वाट नसेल तर तुम्ही दगडात कोरलेला हौदच विकत घेतलाय.

क्रम असा. आधी आखणी: दोरी ताणा आणि काटकोनासाठी ३-४-५ चा त्रिकोण वापरा. एका बाजूला तीन मीटरवर खूण, दुसऱ्या बाजूला चार मीटरवर खूण, दोन्हींमधलं अंतर बरोबर पाच मीटर आलं की कोपरा काटकोनात. आंब्याला जुन्या पद्धतीने १० बाय १० मीटर अंतर ठेवलं तर एकरात ४० झाडं बसतात, घन लागवडीत ५ बाय ५ ठेवलं तर १६०. नारळाला साडेसात मीटर, म्हणजे आपले पंचवीस फूट.

खणायचं एप्रिल-मेमध्ये आणि दोन-तीन आठवडे उघडं ठेवायचं, म्हणजे उन्हाने किडी-कोष मरतात. ट्रॅक्टरच्या ऑगरने खड्डे घेतलेत तर एक काम विसरू नका. गोल फिरणारं पातं ओलसर मातीच्या भिंती घोटून आरशासारख्या करतं, आणि कोवळी मुळं तिथवर येऊन आतल्या आत गोल फिरतात. पहारीने त्या भिंतींना चारही बाजूंनी ओरखडे काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ऑगरवाला ते करून देत नाही.

भरताना तळाला वीतभर पालापाचोळा, त्यावर वरच्या थराची माती. तिच्यात दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक-दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. हे माप मीटरभर खड्ड्याचं. दोन फुटांच्या खड्ड्याला अंदाजाने कमी करा. शेणखत कुजलेलं आहे का हे हाताने बघा. भुगा होऊन सुटलं, वास मातीसारखा आला तर चांगलं. शेणाचा वास येत असेल, काड्या तशाच दिसत असतील तर तुम्ही वाळवी आणि हुमणीला जेवायला बोलावताय. खालच्या थरातली फिकट माती आत घालू नका, ती आळ्याच्या बांधाला वापरा.

खड्डा जमिनीबरोबर भरून थांबू नका. माती बसते, म्हणून चार-सहा इंच उंचवटा ठेवा. एक-दोन चांगले पाऊस होऊन माती बसली की मधोमध पिशवीएवढीच जागा उकरून कलम लावा. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर पावसाळ्यात तिथेच कुजायला सुरुवात होते.

शोषखड्डा

आता माझ्या फोडलेल्या कोब्याकडे येतो. कोबा फुटला, खाली पिवळा मुरूम लागला. तळात बादलीभर पाणी ओतून बघितलं, चहा होईपर्यंत ते दिसेनासं झालं. गिलावा निघत नव्हता म्हणून विटाच काढून टाकल्या आणि नांदेडकडच्या पद्धतीने खड्डा पुन्हा भरला.

ही पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे शोषखड्डे केले, उघडी गटारं बंद केली आणि डास हटवले. पुढे हा 'नांदेड पॅटर्न' किंवा 'मॅजिक पिट' म्हणून रोजगार हमीच्या कामांतून इतरत्र गेला. त्यातली जादू एका टाकीत आहे. साध्या शोषखड्ड्यात मोरीचं पाणी थेट दगडांवर पडतं. त्यातलं खरकटं, तेल, साबणाचा साका दगडांच्या फटीत बसतो आणि दोन-तीन वर्षांत खड्डा तुंबतो. इथे पाणी आधी मधोमध ठेवलेल्या सिमेंटच्या छोट्या टाकीत पडतं. टाकीच्या वरच्या अंगाला भोकं असतात. गाळ खाली बसतो, निवळलेलं पाणी भोकांतून बाहेर पडून दगडांत जातं.

चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा घ्या. भिंतींना विटा नको, गिलावा नको. तळाला डोक्याएवढे दगड लावा, वरचा साधारण निम्मा भाग मोकळा राहील इतके. त्यावर मधोमध टाकी ठेवा, झाकण जमिनीच्या पातळीला येईल अशी. टाकीभोवती नारळाएवढे दगड, वरच्या थरात बारीक खडी. दगड कठीण काळा हवा. पडक्या भिंतीच्या कच्च्या विटा फुकट मिळतात म्हणून भरू नका, त्या विरघळून चिखल होतो. खडीवर पोती किंवा जाड प्लास्टिक पसरून त्यावर वीतभर माती टाका, म्हणजे वरची माती फटीत उतरत नाही. मोरीचा पाइप टाकीत सोडा. पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवा, भांड्यांतलं खरकटं तिथेच अडेल.

पुरेल का? पाच माणसांचं घर, मोरी-स्वयंपाकाचं दिवसाला २०० लिटर पाणी धरा. खड्ड्याचं आकारमान सुमारे १,८०० लिटर. दगड भरल्यावर पोकळी चाळीस टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे सातशे लिटर. जमिनीने एक थेंबही प्यायला नाही तरी तीन दिवसांचं पाणी मावतं, आणि अर्ध्या तासात इंचभर पिणारी जमीन असेल तर खड्डा बहुतेक वेळ रिकामाच असतो. घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब घ्या. संडासाचं पाणी यात अजिबात सोडायचं नाही. गच्चीचं पावसाचं पाणीसुद्धा नाही, त्याला वेगळा खड्डा करा, नाहीतर एका सरीत सगळं उलटं मोरीत येईल. तीन-चार महिन्यांनी टाकीतला गाळ काढून झाडांच्या आळ्यात टाका. हे एकच काम चुकवलं की मॅजिक पिटाचा साधा तुंबलेला खड्डा होतो.

संडासाचे दोन खड्डे

इथे माझं आणि आमच्या भावकीचं कधीच पटत नाही. त्यांचं म्हणणं, "एकदाच बारा फूट खोल खणू, दोन पिढ्या बघायला नको." बारा फुटांवर पावसाळ्यात भूजल असतं. म्हणजे घाण थेट शेजारच्या आडात. शिवाय एवढ्या खोलीवर मैला कुजतही नाही नीट, नुसता साठतो, आणि भरला की उपसायला माणूस उतरवतात. आतला वायू माणूस मारतो. हाताने मैला उपसायला माणूस लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

दोन उथळ खड्ड्यांच्या पद्धतीत उपसा असतो तो फक्त सोनखताचा. एक मीटर व्यासाचे, एक मीटर खोल असे दोन गोल खड्डे, एकमेकांपासून किमान मीटरभर लांब. गोलच, कारण चौकोनी खड्ड्याची सरळ भिंत मातीच्या दाबाने आत येते, गोल भिंत दाबाने उलट घट्ट होते. बांधकाम जाळीचं: विटांच्या एका थरात फटी, दुसरा थर सलग. वरचा फूटभर भाग मात्र सलग बांधा. तळ कच्चा. गवंडी कोबा करायला निघाला की त्याला हात धरून थांबवा, मी अनुभवाने सांगतोय. काळ्या जमिनीत विटांच्या बाहेरून चहूबाजूंनी फूटभर जाडीचा वाळूचा वेढा द्या.

संडासातून आलेला पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथून दोन फाटे. एक फाटा वीट आणि गाऱ्याने बंद ठेवायचा. दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवणाऱ्यांना दोन खड्ड्यांचा काही फायदा मिळत नाही, हे बऱ्याच घरांत बघितलंय. हिशोब सोपा आहे. पाणी आणि वायू जमिनीत मुरून गेल्यावर माणशी वर्षाला ४५ लिटरच्या आसपास गाळ उरतो. पाच माणसांचा सव्वादोनशे लिटर. खड्ड्यात ७८५ लिटर मावतात, म्हणजे तीन-साडेतीन वर्षं. भरला की फाटा बदला आणि झाकणाच्या ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरा. बंद खड्डा निदान दीड ते दोन वर्षं तसाच राहू द्या. उघडाल तेव्हा आत चहाच्या चोथ्यासारखं सुकं, वास नसलेलं खत मिळेल. आमच्या घरात पहिल्यांदा ते काढलं तेव्हा आई दारातून नाकाला पदर लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनेच दोन घमेली मोगऱ्याला नेली.

वायू मातीतच मुरतो, त्यामुळे उंच पाइप उभारायची गरज नाही. पिण्याच्या विहिरीपासून किमान दहा मीटर लांब राहा, जमीन भरड असेल तर त्याहून लांब. भांडं तीव्र उताराचं, ग्रामीण पद्धतीचं घ्या, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. शहरी भांडं बसवून दर वेळी दहा लिटर ओतलं तर कुठलाही खड्डा फार काळ पिणार नाही.

खताचा खड्डा, चर आणि शेततळं

खताच्या खड्ड्याबद्दल थोडक्यात. तो तीन फुटांपेक्षा खोल नको, कारण खाली हवा पोचत नाही आणि खत कुजण्याऐवजी सडतं. जागा उंचवट्यावर घ्या, नाहीतर पावसाळ्यात काळं पाणी आणि वास. 'नाडेपचा खड्डा' असं लोक म्हणतात ते चुकीचं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांची पद्धत जमिनीवर बांधलेल्या, भिंतींना भोकं ठेवलेल्या विटांच्या टाक्याची आहे. तिथे मुद्दाम खड्डा टाळलाय. आमच्याकडे जास्त पाऊस आहे, म्हणून मी खड्डा बुजवून टाकंच बांधलं.

डोंगरउतारावरचा सलग समतल चर हा पिणारा खड्डाच, फक्त लांब केलेला. दोन फूट रुंद, फूटभर खोल असा चर मीटरमागे १८० लिटर पाणी धरतो. सगळं कसब 'समतल' या शब्दात आहे. ए आकाराच्या लाकडी चौकटीने किंवा पाण्याच्या नळीने एकाच उंचीच्या खुणा करत जायचं. नजरेने आखला तर पाणी एका टोकाला धावतं, तिथे चर फोडतं आणि घळ पाडून जातं. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, काठापासून वीतभर जागा सोडून. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं. हिवरे बाजार, राळेगणसिद्धीची नावं सगळे घेतात, पण तिथल्या डोंगरांवर चर आधी आले आणि पाणी नंतर, हे विसरतात.

शेततळं हा राखणारा खड्डा, म्हणून त्याच्या कडा उभ्या नसतात. एकास एक उतार दिला तर वर ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असलेल्या तळ्याचा तळ २४ बाय २४ उरतो. लोक ३० गुणिले ३० गुणिले ३ करून २७ लाख लिटर म्हणतात. खरा आकडा २,१९६ घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटरला थोडा कमी. पाच लाख लिटरची चूक कागदावर होते आणि मग मार्चमध्ये वावरात कळते. काढायचं सूत्र असं: वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्या उंचीवरच्या क्षेत्रफळाची चौपट, यांची बेरीज करून सहाने भागा आणि खोलीने गुणा. त्यात बाष्पीभवन धरा. तळं भरलेलं असताना दिवसाला पाच मिलिमीटर जरी उडालं तरी साडेचार हजार लिटर हवेत गेले.

मुरमात अस्तर लागतंच, साधारण ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालतात. अंथरण्याआधी तळ-कडांवरचा एक-एक टोकदार खडा वेचा. आणि कागद घातलेल्या तळ्यात पडलेला माणूस, पोहता येत असलं तरी, त्या घसरड्या उतारावरून बाहेर येऊ शकत नाही. चारही कडांना गाठी मारलेले जाड दोर बांधून पाण्यात सोडा, हवा भरलेली ट्यूब ठेवा, भोवती कुंपण करा.

पेव

हे खणायला सांगत नाही, पण खड्ड्यांत याच्याइतका हुशार खड्डा दुसरा नाही. अमक्याचं 'पेव फुटलंय' असं आपण रोज म्हणतो. ज्याने पेव पाहिलंय असा माणूस मात्र आता शोधावा लागतो. ज्वारी साठवायला गावोगाव पेवं असत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट रुंद. माती घट्ट, ओल न सोडणारी. माल भरून तोंड बंद करून लिंपून टाकलं की आतला प्राणवायू धान्य आणि किडेच संपवतात, मग किडे मरतात आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. औषध नाही, वीज नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि हरिपूरची बरीच पेवं निकामी झाली.

जो गुण किड्यांना मारतो तोच माणसालाही. म्हणून पेव उघडल्यावर लगेच उतरत नसत. बराच वेळ तोंड मोकळं ठेवून आत पेटता कंदील सोडत. तो विझला तर अजून थांबायचं. जुना आड, बंद टाकी, वर्षानुवर्षं झाकलेला कुठलाही खड्डा यांना आजही हाच नियम लावा. पण कंदील सगळे विषारी वायू सांगत नाही, आणि संडासाच्या किंवा गटाराच्या बंद खड्ड्यात तर ज्योत नेऊच नका, तिथला वायू पेट घेतो. तिथे माणूस उतरवायचाच नाही, यंत्राने उपसायचं. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. अशा घटनांत वाचवायला गेलेलाच दुसरा बळी ठरतो. वरून दोर, बाहेरून मदत.

खड्डा उघडा राहिला तर

कोरड्या पडलेल्या बोअरवेलचं तोंड आठ-नऊ इंचांचं, म्हणून कुणाला तो खड्डा वाटतच नाही. लहान मूल त्यात जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये यासाठी नियम घालून दिले आहेत: काम चालू असताना भोवती कुंपण आणि फलक, झाल्यावर पोलादी टोपण, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकायची. दगड तोंडावर ठेवून भागत नाही, दगड सरकतो. केसिंगवर, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाइपावर, टोपण वेल्डिंग करून घ्या.

झाडांसाठी घेतलेले खड्डे तीन आठवडे उन्हात उघडे असतात, तेव्हा पायवाटेच्या कडेचे आधी भरा. बाकीच्यांवर रात्री फळ्या टाका. तेवढ्या फळ्या नसतील तर बाभळीच्या फांद्या आडव्या टाका, काटे बघून गुरंसुद्धा वळसा घालतात.